कायदा मोडायचा, तर कुणाच्या खर्चाने?

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

गेल्या अंकात जमावबंदीच्या आदेशांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारलेला दिसला: सरकारविरुद्ध आवाज उठवताना कायदा मोडला तर ते बरोबर की चूक? त्यांतली चार पत्रं घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी लातूरला कॉलेजात शिकतो. राज्यशास्त्राच्या तासाला वाद झाला. सर म्हणाले, स्वातंत्र्याआधी कायदा परक्यांचा होता म्हणून मोडला, आता तो आपलाच आहे, मोडायचा नाही. मी म्हणालो, गांधीजींनी मोडला, बाबासाहेबांनी महाडला मोडला, मग आम्ही का नाही? त्यावर सर म्हणाले, सत्याग्रह सोडा असं बाबासाहेबांनीच नंतर सांगितलंय. हे खरं का? आणि खरं असेल तर महाडचं काय करायचं?

उत्तर : सर म्हणाले ते खरं आहे. तुझ्या बोलण्यातलं गांधीजींचं खरं आहे, महाडचं मात्र तपासून घ्यायला हवं. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी कायदा मोडलेला नाही.

तारखा नीट लावून बघ. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. त्याला धरून १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला, तळ्यावर कुणाला जाता आलं नाही. तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, परिषदेला आलेली माणसं रांगेने तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्या दिवशी कायदा पाणी पिणाऱ्यांच्या बाजूला होता. मोडली ती रूढी. कायदा मोडला तो नंतर मंडपात घुसून जेवणाऱ्यांवर काठ्या चालवणाऱ्यांनी, आणि त्यांच्यातल्या काहींना पुढे कैदही झाली.

खरी परीक्षा डिसेंबरात होती, आणि ती गोष्ट फार कमी सांगितली जाते. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव फिरवला. बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. विरोधकांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ तारखेला हजारो माणसं महाडला जमली, घरच्यांचा निरोप घेऊन, तुरुंगात जायच्या तयारीने. आता समोर नुसती रूढी नव्हती, कोर्टाचा हुकूम होता. जिल्ह्याचे कलेक्टर स्वतः परिषदेत येऊन बोलून गेले. शेवटी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याची बाजू मांडली. एवढ्या पेटलेल्या समुदायाला थांबा म्हणायला केवढी छाती लागली असेल! लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता परतले.

दावा चालला. खालच्या कोर्टाचा निकाल १९३१ चा, उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ चा. दोन्ही दलितांच्या बाजूने. पण दहा वर्षं गेली. पाण्यासाठी दहा वर्षं. महाडच्या वस्तीतल्या बायका तोवर कुठून पाणी आणत होत्या, हे कुठल्याच निकालपत्रात लिहिलेलं नाही. कोर्टाची वाट धरा असं मी रोज सांगते, तेव्हा ही दहा वर्षं माझ्या डोळ्यांपुढे असतात.

उच्च न्यायालयाचं ते निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचं नाव ब्रूमफिल्ड. हेच ब्रूमफिल्ड १९२२ मध्ये अहमदाबादला सेशन्स जज्ज होते. ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांबद्दल गांधीजींवर राजद्रोहाचा खटला चालला तो त्यांच्यापुढे. गांधीजींनी आरोप कबूल केला, आणि न्यायाधीशांना सांगितलं की हा कायदा वाईट वाटत असेल तर पद सोडा, चांगला वाटत असेल तर जास्तीत जास्त शिक्षा द्या. ब्रूमफिल्ड यांनी टिळकांच्या १९०८ च्या खटल्याचा दाखला देऊन तेवढीच, सहा वर्षांची शिक्षा दिली, आणि पुढे सरकारला ती कमी करता आली तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही, असंही त्याच वेळी बोलून दाखवलं. बारडोलीच्या शेतकऱ्यांनी १९२८ मध्ये २२ टक्के सारावाढ भरायला नकार दिला, तेव्हा नंतरच्या चौकशीत मॅक्सवेल यांच्या जोडीला बसले तेही हेच. त्या दोघांनी ती वाढ ६ टक्क्यांच्या आसपास खाली आणली.

म्हणजे एकाच माणसापुढे तीन लढे आले. गांधीजींनी कायदा उघड मोडला आणि शिक्षा मागून घेतली. बारडोलीकरांनी सारा थकवला आणि जप्तीत स्वतःची गुरं, जमिनी जाऊ दिल्या. बाबासाहेबांनी कायदा हातात घट्ट धरला आणि त्याच कायद्याने रूढीला हरवलं. तिघांचे मार्ग वेगळे असले तरी लढ्याची किंमत प्रत्येकाने स्वतः मोजली. शेजाऱ्याच्या माथी मारली नाही. कायदेभंग योग्य की अयोग्य हे ठरवताना मी पहिल्यांदा हेच बघते.

आता सरांचा मुद्दा. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले की सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टं गाठायला घटनात्मक मार्गच धरले पाहिजेत. रक्तरंजित क्रांती तर सोडाच, पण कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रहही सोडले पाहिजेत. घटनात्मक मार्ग शिल्लक नव्हते तेव्हा त्यांचं समर्थन करता येत होतं, ते खुले झाल्यावर नाही. मग ते अराजकाचं व्याकरण ठरतं. १९२७ च्या डिसेंबरात स्वतः लोकांना थांबवणाऱ्या माणसाचे हे शब्द आहेत. म्हणून मी ते सहज बाजूला सारत नाही.

पण त्या वाक्यातली अटही तेवढ्याच गंभीरपणे घे. मार्ग खुला असेल तर. आमच्या तालुक्यात रस्ता रोकोच्या आदल्या संध्याकाळी पोरं माझ्याकडे येतात, कुठलं कलम लागेल ते विचारायला. मी म्हणते, आधी फाइल दाखवा. तहसीलला निवेदन दिलंत त्याची पोच कुठे आहे? आवक क्रमांक काय? ग्रामसभेचा ठराव आहे का? माहिती अधिकारात काय उत्तर आलं? बऱ्याचदा फाइलच नसते. नेत्याचा फोन आलेला असतो, एवढंच. अशांना मी सांगते, तुम्ही दार ठोठावलेलंच नाही, मग ते बंद आहे हे कशावरून? पण कधीकधी एखादा म्हातारा सरपंच दोन बोटं जाड फाइल घेऊन येतो. धरणात गेलेल्या जमिनीचा मोबदला, पुनर्वसनाच्या गावठाणाला पाणी नाही, प्रत्येक कागदावर शिक्का, आणि शिक्क्यापुढे काहीच घडलेलं नाही. त्या माणसाला ‘मार्ग खुला आहे’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो उद्या धरणाच्या भिंतीवर जाऊन बसला, कायदा मोडून बसला, तर माझ्या मते तो बरोबर आहे. मी त्याचं वकीलपत्र घेईन, आणि फी घेणार नाही.

आणखी एक बघ. १९३० मध्ये शिरोड्याला लोकांनी मिठाचा कायदा मोडला तो मीठ उचलून. पुसदकडे समुद्र नव्हता, तर बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं आणि तुरुंगात गेले. जो कायदा अन्यायाचा वाटला, तोच मोडला. गवत कापल्याने तिसऱ्या कुणाच्या घरची चूल विझली नाही. आज आपण कांद्याच्या भावासाठी हायवे अडवतो, भरतीसाठी रेल्वे अडवतो. वाहतुकीचा कायदा अन्यायाचा आहे असं आपलं म्हणणंच नसतं. मोडतो एक, भांडण दुसऱ्याशी, आणि अडकून पडतो तिसरा. असं आंदोलन नेहमीच चूक असतं असं मी म्हणत नाही, दूरच्या मंत्रालयाला गावातून ऐकू जायला काहीतरी थांबवावंच लागतं. पण त्या तिसऱ्याचा विचार आधी करावा लागतो: ॲम्ब्युलन्सला वाट, परीक्षेच्या पोरांना वाट, किती वेळ बसणार ते आधी जाहीर. सरांना हे सगळं दाखव आणि त्यांचं काय म्हणणं ते मला कळव.

प्रश्न : माझा मुलगा एमपीएससीचा अभ्यास करतो. कांद्याच्या भावासाठी गावच्या लोकांबरोबर रस्त्यावर बसला होता, दगड वगैरे काही नाही. आता पोलिसांची नोटीस आली आहे. गावातले पुढारी म्हणतात, काळजी करू नका, केस मागे घेतली जाईल. एक जण म्हणाला, कोर्टात गुन्हा कबूल करून शे-पाचशे दंड भरून टाका, प्रकरण मिटेल. नोकरीच्या फॉर्ममध्ये लिहायचं की नाही? झोप लागत नाही ताई. (एक आई, निफाड तालुका)

उत्तर : आधी शांत व्हा. नोटीस बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची असेल. ती अटक नव्हे. दिलेल्या तारखेला मुलाने हजर राहायचं, नोटिशीतल्या अटी पाळायच्या; मग कारण लेखी नोंदवल्याशिवाय पोलिसांना अटक करता येत नाही. गैरहजर राहिला तर मात्र हे संरक्षण जातं. सोबत वकील न्या. एफआयआरची प्रत मागून घ्या आणि त्यात भारतीय न्याय संहितेची कुठली कलमं आहेत ते बघा. १८९, १२६, २२३, २८५ ही रस्ता रोकोची नेहमीची कलमं: बेकायदा जमाव, वाट अडवणं, हुकूम न पाळणं, रहदारीला अडथळा. १३२ दिसलं तर लगेच मोठ्या वकिलाकडे जा. सरकारी नोकरावर हल्ल्याचं ते कलम आहे आणि अजामीनपात्र आहे. २२३ एकटंच असेल, तर हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार असल्याशिवाय कोर्टाला त्याची दखल घेता येत नाही, हेही वकिलाच्या कानावर घाला.

कबूल करून दंड भरा, हा सल्ला ऐकू नका. मी कळवळून सांगते. लोकअदालतीच्या दिवशी रांग लावून पोरं अंगठे देतात, दोनशे-पाचशे भरतात आणि सुटलो म्हणून घरी जातात. ती सुटका नसते, ती शिक्षा असते. कागदावर दोषी ठरल्याची नोंद राहते आणि साक्षांकन नमुना (सरकारी नोकरीआधी पडताळणीसाठी द्यायचा फॉर्म) भरताना पुढ्यात येते. कबूल करायचंच असेल तर वकिलाकरवी परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडणं) कायद्याचा लाभ मागा. त्या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषी ठरल्याने येणारी अपात्रता लागत नाही.

केस मागे घेतली जाईल, हे आश्वासन अर्धवट आहे. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे निर्णय राज्य सरकार वेळोवेळी काढतं; जीवितहानी झालेली नसावी, नुकसान ठरावीक रकमेच्या आत असावं अशा अटी असतात. पण निर्णय निघाला म्हणजे खटला संपला असं होत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने परवानगी द्यावी लागते. माझ्याकडच्या एका मुलाचा खटला अशाच निर्णयात बसत होता, पण अर्ज करणारं कुणी नव्हतं, आणि आंदोलनाला बोलावणाऱ्या पुढाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं. तो मुलगा तारखांना कामावर खाडा करून यायचा. म्हणून पुढाऱ्याला आजच विचारा: वकिलाचा खर्च कोण करणार, अर्जाचा पाठपुरावा कोण करणार? ज्याने पोरांना रस्त्यावर बसवलं त्याची ती जबाबदारी आहे, उपकार नव्हे.

नोकरीच्या फॉर्ममध्ये मात्र लिहायचं. विचारलेलं असेल तर खरं लिहायचं. लपवलेली साधी केस सांगितलेल्या केसपेक्षा जास्त नुकसान करते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात याचे नियम घालून दिले आहेत. त्यात किरकोळ गुन्ह्याचं उदाहरण देताना तरुण वयात घोषणा देणं असे शब्द आहेत. अशी बाब लपवली गेली तरी नोकरी देणारा ती माफ करू शकतो. पण माफ करणं त्याच्या मर्जीवर आहे, त्यावर मुलाचं आयुष्य टांगू नका. ‘कांद्याला भाव मिळावा म्हणून रस्त्यावर बसलो होतो, खटला सुरू आहे’ एवढं स्वच्छ लिहू द्या. त्याने चोरी केलेली नाही. आपल्या बापाच्या मालासाठी तो उन्हात बसला होता, आणि हे लिहिताना त्याची मान खाली जायचं काही कारण नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. पोलिसांची परवानगी घेऊन, त्यांनी आखलेल्या मैदानात, त्यांनी दिलेल्या वेळात केलेलं आंदोलन म्हणजे आंदोलन का? आमच्या तरुणपणी मृणालताई गोरे, अहिल्याबाई रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. (रत्नागिरी)

उत्तर : बाई, परवानगी मागण्यात कमीपणा नाही. रस्त्यावर सभा घेण्याचा हक्क नागरिकाला आहे, पोलीस ती कुठे-कधी व्हावी याचं नियमन करू शकतात पण मनमानी नकार देऊ शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितलं आहे. दुसऱ्या बाजूने २०२० मध्ये, शाहीनबागेच्या प्रकरणात, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून धरता येणार नाही असंही सांगितलं.

मला खटकतं ते वेगळंच. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) चा जमावबंदीचा आदेश पंधरा दिवसांपुरता असतो, आणि कित्येक जिल्ह्यांत तो पंधरवडा संपला की पुन्हा निघतो. सण आहे, जयंती आहे, परीक्षा आहे. कारण बदलतं, आदेश तोच राहतो. मग पाच बायका हंडे घेऊन पंचायत समितीच्या दारात उभ्या राहिल्या तरी कायदा मोडल्यासारखं होतं. जिथे एकत्र उभं राहणंच गुन्हा, तिथे कायदा मोडणारे सरकारच तयार करतं. असा आदेश तुमच्याकडे वारंवार निघत असेल तर त्याच्या प्रती जमवा, तारखा जुळवा आणि उच्च न्यायालयात जाण्याचा विचार करा. तुमच्यासारख्या माणसांनी हे काम हाती घेतलं तर मी कागद तपासून देईन.

प्रश्न : मी एसटीत कंडक्टर आहे. कुठल्याही जातीचं, कुठल्याही पक्षाचं आंदोलन असो, पहिला दगड आमच्या गाडीवर पडतो. एकदा काच माझ्या गालात घुसली. गाडीत तेव्हा दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या होत्या. तुम्ही कायदा मोडणाऱ्यांची बाजू घेता असं दिसतं. आमची बाजू कोण घेणार? (बीड जिल्हा)

उत्तर : तुमची बाजू मी घेते, दादा, आणि त्यात कुठलीही अट नाही. ज्या रस्त्यावर दुसरं वाहन फिरकत नाही तिथे एसटी जाते. तिची काच फोडणारा सरकारला काहीच करत नाही. तो दवाखान्यात निघालेल्या म्हातारीला मारतो. त्याला आंदोलक म्हणायला मी तयार नाही. तोंडाला फडकं बांधून दगड मारणारा आणि स्वतःचं नाव सांगून पोलिसांच्या गाडीत चढणारा सत्याग्रही यांना एका तराजूत तोलू नका. ४ फेब्रुवारी १९२२ ला चौरीचौऱ्यात जमावाने पोलीस ठाणं पेटवून आतल्या पोलिसांना जाळलं, तेव्हा गांधीजींनी सुरू व्हायच्या बेतात असलेला बारडोलीचा कायदेभंग थांबवला. त्यांचे स्वतःचे सहकारी चिडले, तरी थांबवला.

कायदा तुमच्या बाजूने पुरेसा कडक आहे. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आग लावली तर दहा वर्षांपर्यंत. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसान करणाऱ्यांकडून आणि आयोजकांकडून भरपाई वसूल करण्याची तत्त्वं घालून दिली. त्याआधी आपल्याच उच्च न्यायालयाने २००३ च्या मुंबई बंदबद्दल दोन पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले होते.

तरीही दगड मारणारे सुटतात, त्याचं कारण कोर्टात बसून मी रोज बघते. एफआयआर ‘अज्ञात जमावा’विरुद्ध असतो. पंच फितूर होतात. आणि चालक-वाहक साक्षीला येईपर्यंत त्यांची बदली झालेली असते, समन्स जुन्या आगारात पडून राहतं. तुमच्या हातात जेवढं आहे तेवढं करा. गालाला टाके पडले त्याचा सरकारी दवाखान्यातला वैद्यकीय दाखला आणि एफआयआरची प्रत जवळ ठेवा. जबाबात कुणाला ओळखलंत ते नावानिशी सांगा. ओळखलं नसेल तर कपडे, घोषणा, गाडीचा नंबर, जे पाहिलं ते सांगा, ऐकीव सांगू नका. बदली झाली तर तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलांना नवा पत्ता लेखी कळवा आणि पोच घ्या. साक्षीच्या दिवशी भत्ता मिळतो, तो मागा, आणि हजेरीचा दाखला कोर्टातून घेऊन आगारात द्या म्हणजे रजा कापली जाणार नाही. तारीख लागली की मला पत्र टाका. जबाब वाचून तयारी करून यायचं असेल, तर आदल्या दिवशी आपण फोनवर बोलू.